उन्हाळी लागली म्हणून गप्प बसू नका
(प्रभागसंघाच्या सभेत केलेले भाषण)



आज कर्जाच्या हप्त्यावर नाही, लघवीच्या त्रासावर बोलायचं आहे. लाजू नका, इथं सगळ्या आपल्याच आहोत.

लघवीला जळजळ झाली की आपण म्हणतो, उन्हाळी लागली. धन्या-जिऱ्याचं पाणी पितो आणि कामाला लागतो. पाणी कमी पडल्यानंही जळजळतं, पण बऱ्याचदा ते जंतूंचं दुखणं असतं. बाईची मूत्रनळी जेमतेम चार सेंटिमीटर. शौचाच्या जागेचे जंतू तिथून पिशवीत लवकर पोचतात.

पण सगळेच जंतू वैरी नसतात. निरोगी लघवीत जंतू नसतातच, असं पूर्वी डॉक्टरही मानत. गेल्या दहा-पंधरा वर्षांत कळलं, की निरोगी बाईच्या लघवीच्या पिशवीतही जंतू राहतात. त्यातले काही दही लावणाऱ्या जंतूंच्या कुळातले. याच कुळातले जंतू योनिमार्गात राखण करतात, रोगट जंतूंना थारा देत नाहीत. बांधीत धान दाट असलं की तणाला जागा मिळत नाही, तसंच हे.

म्हणून दुकानातून दोन गोळ्या आणायच्या आणि बरं वाटलं की सोडायच्या, हे करू नका. राखणदार मरतात, चिवट जंतू उरतात. आत साबण लावून धुण्यानेही राखणदारांचंच नुकसान होतं. पाळी गेल्यावर ते आपोआप कमी होतात, म्हणून वयस्क बायांना त्रास वारंवार होतो. "वय झालं" म्हणून तो सोडून देऊ नका.

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी आपल्याच गडचिरोलीतल्या दोन गावांत 650 बायांची तपासणी केली होती. 1989 साली ती जगापुढे आली. 92 टक्के बायांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं. त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. दुखणं घरोघरी होतं, बोलणं कुठंच नव्हतं.

आता काय करायचं?

रोवणीला किंवा तेंदूपत्त्याला जाताना पाण्याची बाटली न्या. आडोसा नाही म्हणून तहान मारू नका, लघवी दाबून ठेवू नका. शौचानंतर पुढून मागे धुवा. जळजळ, वारंवार लघवी किंवा ओटीपोटात दुखणं असेल तर आरोग्य केंद्रात लघवी तपासा. औषध डॉक्टरांनी सांगितलं तितके दिवस पूर्ण घ्या. थंडी-ताप, कंबरेच्या वर पाठीत दुखणं किंवा लघवीत रक्त दिसलं तर त्याच दिवशी जा, कारण जंतू मूत्रपिंडापर्यंत पोचलेले असू शकतात. गरोदर ताईनं तर त्रास नसला तरी लघवी तपासून घ्यायची, नाहीतर बाळ दिवसांआधी येण्याचा धोका वाढतो.

गटानं एक ठराव घ्यावा. रोवणीत दोन-तीन तासांनी सगळ्या मिळून थांबायचं, पाणी प्यायचं, चारजणींनी लुगड्याचा आडोसा धरायचा. आणि दवाखान्यात जायला भाडं नसेल, तर गटातून उसने द्यायचे. बैल आजारी पडला तर आपण गटातून पैसे काढतो, मग बाईसाठी का नाही?