गरोदरपणी अंगाला सोसेल असं कापड

भगिनींनो, पाचवा-सहावा महिना लागला की पोटाची कातडी ताणते, घाम वाढतो आणि अंगाला खाज सुटते. "उष्णता झाली" म्हणून आपण गप्प बसतो. पण आधी अंगावरचं कापड बघा. नायलॉन-पॉलिएस्टरची साडी दिसते छान, पण घाम टिपत नाही. घरात तरी धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती लुगडं किंवा सैल गाऊन वापरावा. नवं कापड आधी धुवा, खळ जाऊ द्या. साबण दोन पाण्यांनी काढा. परकराची नाडी तर फारच काचते. वळ उठेपर्यंत आवळू नका. नाडीच्या जागी रुंद सुती पट्टी लावून पोटाखाली सैल बांधा. सासूबाईंनो, सुनेला एवढी मोकळीक द्याच!

आता नीट ऐका. शेवटच्या तीन महिन्यांत अंगावर पुरळ नसताना तळहात-तळपायांना खाज येते, रात्री झोपू देत नाही, असं झालं तर ते कापडामुळे नसावं. यकृताचं काम बिघडल्याची ती खूण असू शकते, आणि त्यात पोटातल्या बाळाला धोका असतो. तेल चोळत बसू नका. आशाताईंना सांगा, त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा आणि रक्त तपासायचं का, ते डॉक्टरांना विचारा.