निदानाच्या जागी गोळी



अँटिबायोटिकच्या अतिवापराचा विषय निघाला की डॉक्टर केमिस्टकडे बोट दाखवतात, केमिस्ट डॉक्टरांच्या चिठ्ठीकडे, आणि मग दोघे मिळून कोर्स अर्धवट सोडणाऱ्या पेशंटकडे. आज आपण डॉक्टर आणि केमिस्ट दोघेही एकाच मांडवाखाली बसलो आहोत, तेव्हा सभेच्या अध्यक्षाने निवाडा द्यावा अशी कुणाची अपेक्षा असेल. तो मी देणार नाही, कारण मला हा खटलाच चुकीचा मांडलेला वाटतो. आपल्याकडे अँटिबायोटिक बहुतेक वेळा निदानानंतर दिले जात नाही, निदानाऐवजी दिले जाते. ताप कशाचा हे ठाऊक नसते, ते शोधायला वेळ, पैसा किंवा सोय नसते, आणि ती उणीव गोळीने भरून काढली जाते. जंतू अँटिबायोटिकला दाद देईनासे होतात त्या प्रतिरोधाच्या प्रश्नाकडे या बाजूने पाहिले तर उपायांचा क्रमही बदलतो.

पेशंटला दोष देण्याची परंपरा फार प्रतिष्ठित आहे. 1945 साली नोबेल स्वीकारताना अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी एक काल्पनिक गृहस्थ उभा केला होता. त्याचा घसा दुखतो, तो स्वतःच पेनिसिलिन विकत घेतो, अपुरे घेतो, जंतूंना सरावून ठेवतो आणि तेच जंतू बायकोला देतो. पेनिसिलिनला दाद न देणाऱ्या त्या जंतूंनी ती दगावते. इशारा द्रष्टेपणाचा होता, पण उदाहरणातली गंमत अशी की घशाला त्रास देणारा तो स्ट्रेप्टोकोकस पायोजिनिस आजही पेनिसिलिनला बधतो. ज्यांनी दाद देणे सोडले ते वेगळेच: क्लेबसिएला, ई. कोलाय, अॅसिनेटोबॅक्टर, क्षयाचा जंतू. ‘लॅन्सेट’मध्ये 2022 साली आलेल्या अंदाजानुसार प्रतिरोधामुळे 2019 या एका वर्षात जगात सुमारे 12 लाख 70 हजार माणसे थेट दगावली. त्यांतली कितीतरी रुग्णालयातल्या खाटेवर होती. त्यांच्या मृत्यूचा हिशेब अर्धवट सोडलेल्या कोर्सवर टाकणे सोयीचे आहे, पण पुरेसे नाही. क्षयासारखे आजार सोडले तर कित्येक संसर्गांत कमी दिवसांचा कोर्सही पुरतो, असेच अलीकडचे पुरावे सांगतात. गरज नसताना घेतलेला कोर्स मात्र पूर्ण केला म्हणून निर्दोष होत नाही.

माझ्या म्हणण्याला सर्वांत बोलका पुरावा केमिस्टच्या काउंटरवरच सापडला आहे. मुंबई, दिल्ली आणि पाटणा येथील 600 हून अधिक औषध दुकानांत प्रशिक्षित माणसे पेशंट बनून पाठवली गेली. तो अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. काहींनी फक्त दोन-तीन आठवड्यांचा खोकला-ताप सांगितला, काहींनी त्याच तक्रारीसोबत थुंकीत क्षयाचे जंतू सापडल्याचा रिपोर्ट पुढे केला. पहिल्या प्रकारात 37 टक्के वेळा अँटिबायोटिक दिले गेले, दुसऱ्या प्रकारात 16 टक्के. क्षयावरची पहिल्या फळीची औषधे तर एकाही दुकानाने चिठ्ठीशिवाय दिली नाहीत. दुकाने त्याच शहरांतली, मोह तोच, नफ्याचा हिशेबही तोच. फरक पडला तो एका कागदाने. आजाराचे नाव कळले आणि हात आखडला गेला.

दवाखान्यातही हेच, फक्त जास्त झाकलेले. पावसाळ्यात ताप तीन दिवस राहिला की विडाल ही रक्ततपासणी करायची, आकडे जरा वर दिसले की ‘टायफॉइड निघाला’ म्हणायचे आणि सेफिक्झिम सुरू करायचे. एकट्या विडालवर टायफॉइड ठरवता येत नाही हे इथे बसलेल्या प्रत्येकाने परीक्षेत लिहिले आहे. पण ब्लड कल्चरला दिवस लागतात, तालुक्याला ती सोय बहुधा नसते आणि पेशंटचा रोज बुडत असतो. जुलाबावर ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोल एकाच गोळीत देतात, म्हणजे जिवाणू असो की अमिबा, विचार करायलाच नको. (असली मिश्रणे बनवणाऱ्यांनी आपला आळस फार बारकाईने अभ्यासला असावा.) देशातल्या खासगी बाजारात 2019 साली सर्वाधिक खपलेले अँटिबायोटिक अॅझिथ्रोमायसिनची 500 मिलिग्रॅमची गोळी होते, सर्दी-खोकल्यावर ती किती जाते हे तुम्हाला मी सांगायला नको.

यावर एक आक्षेप गंभीर आहे. निदानाचा आग्रह धरणे शहरात ठीक. पण जिथे डॉक्टरच नाही तिथे अँटिबायोटिक हाती लागले नाही म्हणून मुले मरतात, त्यांचे काय? आक्षेप खरा आहे, आणि त्याचे उत्तर गडचिरोलीत मिळालेले आहे. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तिथे गावातल्या कार्यकर्त्यांच्या आणि दायांच्या हाती को-ट्रायमोक्साझोल दिले. न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा निम्म्याहून कमी झाल्याचे 1990 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. पण त्या दायांना नुसते औषध दिलेले नव्हते. अक्षरओळख नसलेलीलाही बाळाचे श्वास मोजता यावेत म्हणून वाळूचे घड्याळ आणि मणी असलेले एक साधे साधन बनवले गेले. श्वास ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेले तर औषध, नाहीतर नाही. तिथे अँटिबायोटिकची उपलब्धता वाढली ती मोजणीच्या जोडीने. एमबीबीएस नसलेली दाई श्वास मोजते आणि आपण वीस पेशंट रांगेत आहेत म्हणून मोजत नाही, तेव्हा ‘ग्रामीण वास्तव’ ही सबब कुणाची, याचा विचार करावा लागतो.

दुसरा आक्षेप दबल्या आवाजात येतो, आणि तोच मला जास्त खरा वाटतो. ‘मी दिले नाही आणि पेशंट रात्री बिघडला तर? सकाळी तो शेजारच्या दवाखान्यात जाईल आणि ते हेवी डोस देतील.’ ही भीती खोटी नाही. एकट्याने दवाखाना चालवणाऱ्याला तिची किंमत मोजावी लागते. पण पेशंट मागतो ते बरे होणे. ‘पॉवरची गोळी’ हा त्या मागणीचा आपणच शिकवलेला उच्चार आहे. पेशंटची अपेक्षा डॉक्टर प्रत्यक्षाहून जास्त समजतात, असे परदेशातल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. दोन दिवसांनी फोन करा, श्वास लागला किंवा बाळ दूध प्यायचे थांबले तर लगेच या, हे नीट सांगायला चार मिनिटे लागतात. त्या चार मिनिटांची फी आपल्या व्यवस्थेत कुणी देत नाही, ही खरी अडचण आहे आणि ती उपदेशाने सुटणार नाही.

दवाखान्याबाहेरही ‘असू द्या, बरे असते’ हीच वृत्ती आहे. साध्या साबणापेक्षा आपला जंतुनाशक माल सरस असल्याचा पुरावा उत्पादक देऊ शकले नाहीत, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2016 साली ट्रायक्लोसानसह 19 घटक हात-अंग धुण्याच्या साबणांतून काढायला लावले. सोलापूर-सांगोल्याकडे डाळिंबावरच्या तेल्या रोगासाठी स्ट्रेप्टोमायसिन-टेट्रासायक्लिनची फवारणी वर्षानुवर्षे होत आली. कोंबड्यांच्या खाद्यातले कोलिस्टिन 2019 साली बंद झाले, हे चांगलेच झाले. शेतीचा वाटा मोठा आहे, पण तो दाखवून आपल्या चिठ्ठीवरचे नाव पुसले जात नाही.

आता दुपारच्या सत्रात येणाऱ्या ठरावाविषयी. 2014 पासून शेड्यूल एच-1 या यादीतले औषध देताना केमिस्टने डॉक्टरांचे आणि पेशंटचे नाव वेगळ्या वहीत नोंदवून ती वही तीन वर्षे ठेवायची असते. त्या मूळ यादीत सेफिक्झिम आहे, अॅझिथ्रोमायसिन नाही. शिवाय वहीत औषध कुणी कुणाला दिले ते कळते, कशासाठी ते कळत नाही. जानेवारी 2024 मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने चिठ्ठीवर कारण लिहिण्याचे आवाहन केले, तेही आवाहनच राहिले. ठरावाच्या मसुद्यात ‘कारण नसलेली चिठ्ठी केमिस्टने परत करावी’ असे दुसरे कलम आहे. ते मला अपुरे वाटते. गिऱ्हाईक गमावण्याचा भार त्यात एकट्या दुकानदारावर पडतो. केमिस्टने त्याच वेळी डॉक्टरांना फोन करावा आणि डॉक्टरांनी तो उचलावा, अशी जोड त्याला द्यावी. आणि कारणाच्या रकान्यात ‘निश्चित नाही’ असे लिहायची मुभा ठेवावी. वर्षभरात ते दोन शब्द किती चिठ्ठ्यांवर आले याची मोजदाद झाली, तर कोणत्या तालुक्यात कोणती तपासणी आधी न्यायची हे आरोग्य खात्यापुढे आपल्याला आकड्यांसह मांडता येईल. ही दुरुस्ती मी अध्यक्ष म्हणून नाही, एक सभासद म्हणून मांडणार आहे. तिला अनुमोदक लागेल.