हजेरीपटाबाहेरचीं मुलें

हजेरीपटावर ज्या मुलाचें नांवच नाहीं, त्याची गैरहजेरी कोणता शिक्षक मांडणार? आम्हां मास्तरांना सहसा न सुचणारा हा प्रश्न एका आईनें पुराव्यानिशीं पुढें ठेवला.

१९६६ सालीं जन्मलेल्या मालिनी चिब यांना जन्मवेळीं प्राणवायु अपुरा मिळाला. सेरेब्रल पाल्सीमुळें हालचाल व वाणी यांवर ताबा राहिला नाहीं. बुद्धि मात्र शाबूत होती. त्यांच्या मातोश्री मिथू अलूर यांनीं १९७२ मध्यें मुंबईस अशा मुलांसाठीं संस्था स्थापून शाळा काढली. पण एक शाळा कितीकांस पुरणार? म्हणून त्यांनीं संशोधन हातीं घेतलें. १९७५ सालीं सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेंतून अपंग बालकें प्रत्यक्षांत वगळलीं जातात, हें त्यांनीं लंडन विद्यापीठास १९९९ मध्यें सादर केलेल्या प्रबंधांत दाखविलें. प्रबंधाचें नांवच होतें ‘अदृश्य बालकें’.

मायेला पुराव्याची जोड मिळाली, कीं विनवणीची मागणी होते. २०१६ च्या कायद्यानें ४० टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलांस मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. आपल्या अमळनेरांत, बोरीकांठच्या एखाद्या गल्लींत असें मूल घरींच बसून असेल, तर त्याच्या आईबापांसोबत शाळेपर्यंत चला. त्याचें नांव पटावर चढूं द्या.