उसने केस लावण्याआधी

(सामुदायिक रेडिओवर प्रसारित झालेले भाषण)

दुपारची कामं उरकून कुणी धान्य निवडत बसल्या असाल, कुणी शेताच्या बांधावर मोबाईल टेकवून ऐकत असाल. आज आपण केसांविषयी बोलणार आहोत. केस जोडून घेण्याविषयी. पार्लरमध्ये त्याला हेअर एक्स्टेन्शन म्हणतात. बचत गटाच्या बायकांना हा विषय कशाला, असं वाटेल, म्हणून आधी तेच सांगतो.

गेल्या माघात आमच्या एका गटाची मासिक बैठक होती. बचत गोळा झाली, हप्ते जमा झाले, सचिवाने कर्जाची वही पुढे ओढली. एका वहिनीने हात वर केला. म्हणाली, "१२ हजार पाहिजेत." कारण विचारलं तर गप्प. परत विचारलं तेव्हा हळूच म्हणाली, "केस लावायचेत." दोघी-तिघी हसल्या. एक काकू म्हणाल्या, "अगं, तेवढ्यात शेळी येईल, शेळी!" वहिनीने डोक्यावरचा पदर मागे सारला आणि सगळ्या गप्प झालो. भाद्रपदात तिला चिकुनगुनिया झाला होता. ताप गेला आणि दिवाळीच्या सुमाराला केस मुठीने गळायला लागले. भांग बोटभर रुंद झालेला. "वैशाखात नणंदेचं लग्न आहे," ती म्हणाली, "दिवाळीपासून चारचौघांत पदर काढला नाही मी."

त्या हसण्यात आम्हीही होतो, हे कबूल करतो. त्या दिवशी गटाने ठरवलं की मागणी नाकारायची नाही, पण आधी माहिती काढायची. आम्ही दोघी तिच्याबरोबर तालुक्याच्या गावी गेलो, पार्लरं फिरलो, डॉक्टरांनाही भेटलो. तेव्हा जे कळलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

मैत्रिणींनो, उसने केस आपल्याला नवे नाहीत. आपल्या आज्या गंगावन लावायच्या. वेणीत गुंफायचं, अंबाडा मोठा दिसायचा, रात्री सोडून खुंटीला अडकवायचं. जत्रेत आजही मिळतं. आणि केसांवर भांडी देणारी बाई दारात येते, तिला आपण फणीतली गुंतवळ देतो ना? तीच गुंतवळ पुढे कारखान्यात जाते. कर्नाटकात कोप्पळजवळ भाग्यनगर आहे, तिथे घरोघरी बायका अशी गुंतवळ सोडवून, लांबीप्रमाणे निवडून जुड्या बांधतात. दुसरीकडे तिरुमलाला भाविक केस अर्पण करतात, देवस्थान त्यांचा लिलाव करतं. पार्लरमध्ये मिळणारे खरे केस असेच कुठून तरी आलेले असतात.

या दोन केसांत फरक आहे. गव्हाच्या ओंबीवरची कुसळं एका बाजूने हात फिरवला तर गुळगुळीत लागतात, उलटा फिरवला तर टोचतात. केसाचंही तसंच. त्याच्यावर कौलांसारखे बारीक थर असतात, मुळाकडून टोकाकडे उतरते. एका डोक्यावरून जुडीने कापलेले केस सगळे एकाच दिशेने राहतात. ते कमी गुंततात, जास्त टिकतात आणि महाग असतात. पार्लरमध्ये त्यांना 'रेमी' म्हणतात. गुंतवळीच्या केसांत मुळं आणि टोकं उलटसुलट झालेली असतात. ते गुंतू नयेत म्हणून आम्लात धुऊन वरचे थर काढतात आणि वरून चकाकी चढवतात. दुकानात ते रेशमासारखे दिसतात, पाच-सहा वेळा धुतले की चकाकी उतरते आणि गाठी पडायला लागतात. तिसरा प्रकार नायलॉनसारख्या धाग्याचा. तो स्वस्त असतो, पण बहुतेक धाग्यांना गरम इस्त्री चालत नाही, रंगही बसत नाही.

ओळखायचं कसं? दोन-चार केस मागून घ्या, चिमट्यात धरून काडी लावा, खाली पाण्याची वाटी ठेवा. खरा केस जळताना केस जळल्याचाच वास येतो आणि राख बोटांत चुरते. धागा वितळतो, त्याचा कडक मणी होतो. काडी लावू न देणाऱ्या दुकानात पैसे मोजायची घाई करू नका.

आता जोडण्याच्या पद्धती. क्लिपचे केस सकाळी लावायचे, रात्री काढायचे. हे आपल्या गंगावनाचंच भावंड. बाकीचे डोक्यावरच राहतात. एक, टेपचे. आपल्या केसांची पातळ बट दोन चिकटपट्ट्यांच्या मध्ये धरतात. सहा ते आठ आठवड्यांनी ते काढून परत वर बसवावे लागतात, कारण आपला केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो आणि जोड खाली सरकतो. दोन, बारीक कडीचे. मण्याएवढ्या कडीत आपली बट आणि जोडाची बट घालून पक्कडीने दाबतात. तेही दोन-तीन महिन्यांनी वर घ्यावे लागतात. तीन, केराटिनच्या डिंकाने गरम करून चिकटवलेले. हे तीन-चार महिने राहतात, पण काढायला वेळ आणि हात दोन्ही लागतात. चार, डोक्यालगत बारीक वेण्या घालून त्यावर शिवलेली पट्टी. याची ओढ मुळांवर जास्त बसते, म्हणून विरळ केसांना ही पद्धत नको.

पद्धत कोणतीही असो, जोडलेला केस आपल्याच केसावर लोंबतो. वेल मांडवावर चढवायचा तर मांडवाचे खांब आधी बघतो ना, तसं आधी स्वतःचे केस बघा.

रोज पन्नास ते शंभर केस गळणं नेहमीचं आहे. त्याहून जास्त गळत असतील तर पार्लरआधी दवाखाना. मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस गळतात, ते बहुतेक वेळा आपोआप परत येतात. बाळंतपणानंतरही तसंच, वर्षभरात बहुतेकींचे भरून येतात. रक्त कमी असेल, थायरॉइड असेल, तर त्यावर उपचार केल्याशिवाय गळणं थांबत नाही. उपकेंद्रात रक्त तपासून घ्या. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे असं समजतात. डोक्यात खरूज, फोड, चाई किंवा उवा असतील तर आधी त्या बऱ्या करा. जोड लावल्यावर बारीक फणी फिरत नाही, मग उवा निघणार कशा? आणि आपले केस निदान चार इंच तरी हवेत, नाहीतर जोड धरत नाही आणि दिसतोही. कॅन्सरच्या औषधांनी केस गेलेल्या मैत्रिणींसाठी जोड नाही, टोप बरा. नवे केस आले की ते लांब आणि बळकट होईपर्यंत थांबा आणि डॉक्टरांना विचारूनच काय ते करा.

पार्लरमध्ये बसण्याआधी चार गोष्टी विचारा. केस कशाचे आहेत? एका जोडाला किती केस लावणार? आपल्या बटेपेक्षा जड जुडी लावली की मूळ सैल होतं. परत बसवायचे आणि काढायचे पैसे वेगळे किती? आणि चिकटवायचा पदार्थ आधी कानामागे लावून दोन दिवस बघता येईल का? खाज आली, लाली आली तर तो आपल्यासाठी नाही.

लावल्यानंतरची काळजी. पहिले दोन दिवस पाणी नको. त्यानंतर धुताना डोकं खाली उपडं करून चोळू नका. उभं राहून वरून खाली पाणी सोडा, सौम्य शाम्पू बोटांनी मुळाशी फिरवा. कंडिशनर फक्त टोकांना.

आता आपल्या बायकांची खरी अडचण, तेल. आपण आठवड्याला चंपी करणाऱ्या. पण टेप आणि डिंक दोन्ही तेलाने सुटतात. तेल लावायचंच तर जोडाच्या खाली, टोकांना, दोन थेंब. नवरीचे केस जोडायचे असतील तर तेलवण आणि हळद ध्यानात ठेवा. त्या दिवशी करवल्या डोक्यावर तेल घालणारच. म्हणून आधीच सांगून ठेवा की तेल-हळद कपाळापर्यंतच. आणि जोड लग्नाच्या आदल्या दिवशी लावू नका, आठ-दहा दिवस आधी लावा. काही त्रास झाला तर काढायला वेळ राहतो.

विंचरताना टोकाकडून सुरुवात करा, गुंता सोडवत वर जा, दुसऱ्या हाताने जोड धरून ठेवा. ओल्या केसांनी झोपू नका. रात्री सैल वेणी घाला, उशीला जुन्या सिल्कच्या साडीचा अभ्रा घाला, घर्षण कमी होतं. शेतात जाताना सुती रुमाल सैल बांधा. घामाने डोकं ओलं झालं तर घरी आल्यावर मुळं वाळवा. घट्ट अंबाडा आणि डोक्यावर पाण्याची घागर किंवा गवताचा भारा, हे जोडावर चालत नाही. ज्यांना रोज भारा उचलायचा आहे त्यांनी क्लिपचेच केस घ्यावेत, असं आमचं मत.

पहिले एक-दोन दिवस डोकं थोडं जड वाटतं. पण दुखत असेल, झोप येत नसेल, मुळाशी पुटकुळ्या येत असतील तर सहन करू नका. आमच्या दुसऱ्या गटातल्या एका ताईने शहरातल्या एका पार्लरमध्ये केस लावून घेतले. कानशिलं दुखत होती, पण पैसे मोजलेत म्हणून ती गप्प राहिली. तीन महिन्यांनी जोड सुटायला लागले. परत जायला एसटीचं भाडं आणि दिवसाची मजुरी जाणार, म्हणून तिने घरीच ओढून काढले. कानशिलांवर दोन्ही बाजूंना टक्कल पडलं. डॉक्टर म्हणाले, ओढीने केस गेले, लवकर आली असतीस तर सगळे परत आले असते. एका बाजूचे थोडे आलेत, दुसऱ्या बाजूचे अजून नाहीत. ती आम्हाला म्हणाली, "माझं नाव नका घेऊ, पण सांगा सगळ्यांना." म्हणून सांगतोय. काढताना द्रव लावून, चिकटपणा विरघळवून, लावणाऱ्या हातानेच काढून घ्या. काढल्यावर केसांचा पुंजका हातात येईल, घाबरू नका. दोन महिन्यांत रोज गळालेले केस जोडात अडकून राहिलेले असतात.

शेवटी पैशाचं. आमच्या गटात व्याज शेकडा दोन. १२ हजार घेतले तर पहिल्या महिन्याचं व्याजच २४० रुपये, आणि मुद्दल दहा हप्त्यांत म्हणजे महिन्याला १,२०० रुपये. त्या दहा महिन्यांत टेपचे केस निदान चार वेळा परत बसवावे लागतील, तो खर्च वेगळा. आमच्या सचिव म्हणाल्या ते सगळ्यांनी लक्षात ठेवलंय, "हप्ते संपायच्या आधी केस संपायला नकोत."

आता वहिनीचं सांगतो. तपासणीत तिचं हिमोग्लोबिन ९ निघालं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि दाखवलं की कपाळाजवळ नवे केस फुटलेत, त्यांच्यावर आता वजन टाकू नको. पुढच्या बैठकीत तिने स्वतःच १२ हजारांची मागणी मागे घेतली आणि ३ हजार मागितले, क्लिपच्या खऱ्या केसांसाठी. गटाने एका आवाजात मंजूर केले. शेळीवाल्या काकूंनीच निरांजनावर केस जाळून पारख केली. लग्नात वहिनीने अंबाडा घातला, त्यावर गजरा माळला. हप्ते तीनच होते, फिटले. तिचे स्वतःचे केस आता कानाखाली आलेत.

आमच्यातल्याच एकीने, जिचं पार्लर आहे आणि केस दाट पण आखूड आहेत, टेपचे लावलेत. दर सात आठवड्यांनी परत बसवते, छान दिसते. तिला ते जमतं, कारण हात तिचाच आणि पैसाही तिचाच. कुणी केस लावावेत, कुणी लावू नयेत, हे आम्ही ठरवणार नाही. पण गटात एखादी अशी मागणी घेऊन उभी राहिली तर हसू नका. आधी तिच्या पदराखाली काय आहे ते विचारा, मग तिच्याबरोबर माहिती काढायला जा.

आजच्यापुरतं इतकंच. पुढच्या बैठकीत सगळ्यांनी रक्त तपासून घ्यायचं ठरवा, आशाताईंना आधी निरोप द्या.