मृत्यूनंतर ‘मी’ उरतो का?



मंदिराच्या फरशीवर ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ अशी अक्षरे कोरलेली असतात. दान मुलाचे, नाव बापाचे. ती वाचून एखादी म्हातारी हळूच विचारते, “त्यांना हे कळत असेल का हो?” हा प्रश्न भाबडा म्हणून सोडून देण्यासारखा नाही. याज्ञवल्क्य ऋषींना घरातच जवळजवळ याच प्रश्नाला तोंड द्यावे लागले.

बृहदारण्यक उपनिषदात ती कथा आहे. याज्ञवल्क्य घरदार सोडून निघाले. मैत्रेयी व कात्यायनी या दोघी पत्नींत मालमत्ता वाटून द्यावी असा त्यांचा विचार. मैत्रेयीने विचारले, धनाने भरलेली सारी पृथ्वी मिळाली तर मी अमर होईन का? ते म्हणाले, नाही. श्रीमंत लोक जगतात तशी जगशील, इतकेच. तेव्हा तिने धन नाकारले आणि अमरपणाचे ज्ञान मागितले. याज्ञवल्क्यांनी मिठाच्या खड्याचा दाखला दिला. खडा पाण्यात टाकला की विरघळतो, पुन्हा उचलून काढता येत नाही. पण पाणी कोठूनही घ्या, खारटच लागते. तसा जीव त्या अपार तत्त्वात मिळून जातो आणि मेल्यावर संज्ञा, म्हणजे ‘मी अमका’ ही जाणीव, उरत नाही.

मैत्रेयी गोंधळली, आणि तसे तिने तोंडावर सांगितलेही. गोंधळण्यासारखेच होते! मागितले अमरपण आणि पदरात पडले ओळख पुसली जाणे. ऋषींनी उलगडा केला: दोन असतील तोवर एक दुसऱ्याला पाहतो, ऐकतो, ओळखतो, सारे एकच झाल्यावर कोणी कोणाला ओळखायचे?

विद्वानांना हे पटते. पण जिचा धनी गेला तिला खारट पाण्याने समाधान होत नाही. तिला तो खडाच हवा असतो.

आपल्या क्रियाकर्मात दोन्ही गोष्टी आहेत. दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना, तर घरची मंडळी हात जोडून सांगतात, “पोरीचं लग्न आम्ही करू, काळजी करू नका.” म्हणजे गेलेला माणूस अजून आपल्या इच्छेसकट तेथेच आहे, ऐकतो आहे, असे धरलेले असते. दोनच दिवसांनी सपिंडी. तीत मृताच्या पिंडाचे तीन भाग करून ते त्याच्या बापाच्या, आज्याच्या, पणज्याच्या पिंडांत मिसळतात. तेथून तो पितरांतला एक झाला. श्राद्धात नाव-गोत्र घेऊन पिंड तीनच पिढ्यांना; खाली एक आला की वरचा एक नावाने सुटतो. सपिंडी वर्ष भरल्यावर करावी असेही शास्त्रात आहे. सोयीसाठी बाराव्यालाच उरकतात. घरच्यांचे मन मात्र बारा दिवसांत सपिंडी करीत नाही.

वारकरी संतांची मागणी तर निराळीच. तुकोबांना मुक्ती नको होती. संतसंग मिळणार असेल तर पुन्हा जन्म घ्यायची त्यांची तयारी होती. देवावर प्रेम करायला देव आणि भक्त असे दोघे हवेत ना! पंढरपूरच्या महाद्वारी नामदेवांची पायरी आहे. संतांचे पाय लागावेत म्हणून त्यांनी ती जागा मागून घेतली, अशी श्रद्धा आहे. विरून जायचे, तरी दारात राहायचे. भाविक आजही त्या पायरीला नमस्कार करून आत जातात.

तेव्हा त्या म्हातारीला काय सांगावे? याज्ञवल्क्यांचे धरले तर कळत नाही, दहाव्याचे धरले तर कळते. उत्तर जुळवीपर्यंत तिने पदराने अक्षरांवरची धूळ पुसून घेतलेली असते.