उंबरठा आणि पाणी

जयपूरच्या पूर्वेस, आग्र्याच्या वाटेवर कानोता हे गाव आहे. तेथे आम्ही एक जुने घर घेतले. न्हाणीघराचा उंच उंबरठा आईला वयोमानामुळे ओलांडवेना. म्हणून तो काढून गुळगुळीत फरशी बसवावी, असे मी ठरविले. ‘साहेब, आधी ढाळ पाहू,’ असे मिस्त्री म्हणाला. पण मला दिवाळीपूर्वी काम उरकायचे होते.

पहिल्याच अभ्यंगस्नानाला पाणी मोरीकडे न जाता शेजारच्या खोलीत, आईच्या अंथरुणापर्यंत पोहोचले. पुढे ओल चढून तेथील भिंतीची आराइश फुगून सुटली. आराइश म्हणजे मुरविलेला चुना आणि संगमरवराची पूड यांचा, अकीकाने घोटून आरशासारखा केलेला गिलावा. कुणा कारागिराने धीराने केलेले काम माझ्या घाईने नासले.

आई एवढेच म्हणाली, “अरे, उंबरठा मला अडवत होता, तसा पाण्यालाही अडवत होता ना?”

फरशी पुन्हा उखडली. आता मी स्वतः पाणसळ घेऊन मिस्त्रीजवळ बसलो. मीटरामागे दीड सेंटिमीटर ढाळ दिला, ओल अडविणारा थर घातला, मोरी बुजवून दोन दिवस पाणी तुंबवून पाहिले आणि मगच फरशी बसविली. उंबरठ्याच्या जागी जाळीची पन्हळ आली. आईसाठी भिंतीला कठडा लागला.

भिंतीवरचा डाग मात्र राहिला आहे. कचेरीत एखादा जुना नियम रद्द करण्याचे टिपण समोर आले, की तो डाग मला आठवतो. आणि सही करण्यापूर्वी मी विचारतो, ‘हा नियम नेमके काय अडवीत होता?’