गाडीचा भरवसा कोणाच्या हातात?



या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा मी बोनसवर किंवा कंत्राटी पद्धतीवर बोलेन, अशी त्यांची अपेक्षा असावी. पण ते मी वर्षभर द्वारसभांत बोलतच असतो. आज मला माझ्या दुसऱ्या नादाविषयी बोलावयाचे आहे. तो नाद मोटारींचा. माझे शालेय शिक्षण नववीपर्यंत. पुढचे कारखान्यात यंत्राजवळ आणि नगरवाचनालयाच्या बाकावर झाले. मोटारींविषयी जसजसे वाचत गेलो, तसतसा एक प्रश्न माझ्या मनात पक्का होत गेला. गाडी घेताना आपण सारे विचारतो, ‘भरवशाची आहे ना?’ तर हा भरवसा गाडीत येतो कोठून?

पहिली गोष्ट ऑगस्ट 1888 ची. जर्मनीत कार्ल बेंझ यांनी तीन चाकांची मोटार तयार केली होती, पण ती घेण्यास लोक धजत नव्हते. एके दिवशी त्यांची पत्नी बेर्था यजमानांना न सांगता दोन मुलांना घेऊन ती गाडी मानहाइमहून फोर्झहाइमला घेऊन निघाली. अंतर शंभर किलोमीटरांहून थोडे अधिक. वाटेत इंधन संपत आले, ते वीसलोख गावी औषधांच्या दुकानातून घेतले. इंधनाची नळी तुंबली, ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. ब्रेक झिजले, त्यांवर मोच्याकडून चामडे बसवून घेतले. चढावर मुलांनी गाडी ढकलली. या प्रवासाचे धाडस सर्वजण वाखाणतात. मला त्याचा पुढचा भाग मोठा वाटतो. प्रवासातल्या अडचणी कळल्यावर बेंझ यांनी चढासाठी वेगळा गिअर बसवला. जिने गाडी चालवली तिने खोड सांगितली आणि ज्याने बनवली त्याने ती ऐकली. भरवशाचा उगम मला येथे दिसतो.

दुसरी गोष्ट 1908 ची, इंग्लंडातली. त्या काळी मोटारीचा एकेक भाग फिटर कानशीने घासून जागेवर बसवीत असे. एका गाडीचा भाग दुसरीला बसेल याची खात्री नसे. अमेरिकेच्या कॅडिलॅक कंपनीच्या तीन गाड्या ब्रुकलँड्सच्या शर्यतीच्या मैदानावर नेऊन सुट्या केल्या. तिन्हींचे भाग एकत्र मिसळले, त्यांतले 89 भाग बाजूला काढून त्यांच्या जागी दुकानातले नवे भाग घातले. मग कानस न लावता, केवळ पाने आणि पेचकस घेऊन तिन्ही गाड्या पुन्हा उभ्या केल्या. त्या सुरू झाल्या आणि प्रत्येक गाडी 500 मैल धावली. या कसोटीबद्दल कॅडिलॅकला ड्यूअर चषक मिळाला. आज आपल्या गावातल्या गॅरेजात नवा भाग येतो आणि निमूट बसतो, त्यामागे हीच अचूकता आहे. मी तिचा चाहता आहे. पण त्याचबरोबर एक गोष्ट घडली. भाग जसा बदलता येतो, तसा माणूसही बदलता येतो, असे मालकांना वाटू लागले. यंत्राच्या भागाला बोलता येत नाही. माणसाला येते. हा फरक विसरला गेला.

आता शर्यतीकडे येऊ. शर्यत म्हणजे नुसता वेग, असा आपला समज असतो. 1968 ची लंडन ते सिडनी शर्यत पाहा. ती माझ्या जन्माच्या आधीची, पण सभागृहातल्या वडीलधाऱ्यांपैकी काहींना आठवत असेल, कारण ती आपल्या मुंबईवरून गेली. 24 नोव्हेंबरला लंडनहून 98 गाड्या सुटल्या. इस्तंबूल, तेहरान, काबूल, दिल्ली असे करीत त्या मुंबईला आल्या आणि येथून बोटीने ऑस्ट्रेलियाला गेल्या. मुंबईपर्यंत आघाडीवर असलेल्या फोर्ड लोटस कॉर्टिनाला ऑस्ट्रेलियात आधी इंजिनाने आणि मग डिफरन्शियलने दगा दिला. पुढे एक सित्रोएन आघाडीवर आली, तिला शेवट जवळ आला असताना समोरून येणाऱ्या गाडीशी अपघात झाला. जिंकली ती अँड्र्यू कोवन यांची हिलमन हंटर. ही मध्यमवर्गीय कुटुंबाने बाजारहाटाला न्यावी अशी गाडी! वेग पाहून टाळ्या पडतात, पण मुक्कामाला पोहोचवतो तो टिकाऊपणा.

आता मुद्द्याच्या गोष्टीकडे वळतो. कॅलिफोर्नियात फ्रीमाँट येथे जनरल मोटर्सचा कारखाना होता. तेथे ‘लाइन थांबता कामा नये’ हा नियम. सदोष गाडी तशीच पुढे सरकायची आणि शेवटी कोणीतरी दुरुस्त करायची. गैरहजेरी, तंटे, तक्रारी यांना ऊत आला होता. 1982 मध्ये तो बंद झाला. दोष कामगारांवर आणि त्यांच्या युनियनवर ढकलण्यात आला. 1984 मध्ये टोयोटाने जनरल मोटर्सशी भागीदारी करून तोच कारखाना पुन्हा उघडला. भरतीत मोठा भरणा जुन्याच कामगारांचा होता, युनियनही तीच. काहींना शिकण्यासाठी जपानला पाठवले. नव्या व्यवस्थेत लाइनवर प्रत्येकाच्या हाताशी एक दोरी होती. चूक दिसली की ओढायची. दोष तेथेच निस्तरायचा, नाही निस्तरला तर लाइन थांबायची. थोड्याच काळात तेथल्या गाड्यांचा दर्जा जपानी गाड्यांच्या जवळ गेला.

कामाच्या ताणाबद्दल तेथेही कामगारांची कुरकुर होती. तो स्वर्ग होता असे मी म्हणत नाही. 2010 मध्ये तोही बंद पडला. पण हात तेच आणि गाडी निराळी, हे कशाने झाले? ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार त्या हातांना मिळाला म्हणून.

तो अधिकार नसेल तर काय होते? त्याच जनरल मोटर्सच्या काही लहान गाड्यांत किल्लीचा स्विच सैल होता. चालत्या गाडीत किल्ली सरकायची, इंजिन बंद पडायचे आणि अपघातात एअरबॅगही उघडत नसे. कंपनीतल्या काही इंजिनिअरांना हा दोष वर्षानुवर्षे माहीत होता. पुढे स्विच बदलला, पण भागाचा क्रमांक बदलला नाही, त्यामुळे छडा लागणे आणखी अवघड झाले. गाड्या परत बोलावल्या गेल्या त्या 2014 मध्ये. भरपाईच्या योजनेत 124 मृत्यू मान्य झाले. स्विच लहानसा होता. मौन मोठे होते.

मित्रहो, आपल्याकडे गाडी घेताना पहिला प्रश्न असतो, ‘ॲव्हरेज किती देते?’ तो जरूर विचारा. पण जेथे गाडी बनते, तेथे चार महिन्यांच्या कंत्राटावर उभा असलेला मुलगा चूक दिसल्यावर बोलू शकतो काय, हेही नागरिक म्हणून विचारा. उद्या कामावरून काढतील या भीतीने तो गप्प बसला, तर त्याने न सांगितलेला दोष तुमच्या मुलाबाळांसह घाटातून उतरत असतो. कामगाराची नोकरीची शाश्वती आणि तुमच्या प्रवासाची शाश्वती या दोन वेगळ्या गोष्टी नव्हेत. म्हणून आमच्या मागण्यांचे फलक फाटकावर दिसतील, तेव्हा ‘यांचे नेहमीचेच’ म्हणून पुढे जाऊ नका. थोडे थांबा आणि वाचा. त्या मागण्यांत तुमच्या ब्रेकचाही विषय असतो.